गॅस शेगडीचे बर्नर : कोणता कुठे, कशासाठी आणि कोणतं बटण कोणाचं?

शेगडी घ्यायला दुकानात गेलं की पहिले दोन प्रश्न ठरलेले असतात. दोन बर्नरची हवी की तीनची? स्टीलची की काचेची? बर्नर एकमेकांपासून किती लांब आहेत, मागच्या बर्नरपर्यंत हात कसा पोहोचणार, कोणतं बटण कोणत्या बर्नरचं हे पाहताक्षणी कळतं का, हे मात्र फारसं कोणी विचारत नाही. रोजच्या वापरात शेगडी सोयीची आणि सुरक्षित ठरते ती याच गोष्टींमुळे. या लेखात मुख्यतः सिलिंडरवर, म्हणजे एलपीजीवर चालणाऱ्या घरगुती शेगडीबद्दल बोलू. पाइप गॅसवर काय बदलतं ते शेवटी पाहू.

बर्नरच्या आत काय घडतं?

सिलिंडरमध्ये गॅस द्रवरूपात, दाबाखाली भरलेला असतो. रेग्युलेटर हा दाब खूप खाली आणतो, साधारण ३० मिलिबारपर्यंत. म्हणजे सुमारे ३० सेंटीमीटर उंच पाण्याचा दाब असतो तेवढाच. हा गॅस नळीतून शेगडीत येतो, बटणाच्या व्हॉल्व्हमधून पुढे सरकतो आणि जेट नावाच्या छोट्या पितळी तुकड्याच्या भोकातून जोरात बाहेर पडतो. हे भोक एक मिलिमीटरपेक्षाही लहान असतं. बर्नर मोठा की छोटा, हे खरं तर या भोकावर ठरतं.

जेटमधून सुटलेली गॅसची धार आजूबाजूची हवा आपल्यासोबत ओढून घेते. दोन्ही बर्नरखालच्या नळीत मिसळतात आणि बर्नरच्या छिद्रांतून बाहेर येऊन जळतात. लागणारी उरलेली हवा ज्वाला खोलीतून घेते. हवा पुरेशी मिळाली तर ज्वाला निळी, आखूड आणि स्थिर दिसते. कमी पडली तर ती पिवळी होते, डोलते आणि भांड्याचं बुड काळं करते.

आता बटणाबद्दल, ज्याला आपण कधी नॉब म्हणतो, कधी गॅसचा कान. आपल्याकडच्या बहुतेक शेगड्यांवर ते दाबून घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायचं असतं. पाव फेरा झाला की गॅस मोठा, आणखी पुढे नेलं की मंद, म्हणजे सिम. पंख्याच्या रेग्युलेटरची सवय असलेल्यांना हे उलटं वाटतं, पण त्यामागे विचार आहे. पेटवताना गॅस पूर्ण दाबाने यावा आणि ज्वाला लगेच सगळ्या छिद्रांवर पसरावी, हा एक भाग. दुसरा असा की ‘बंद’ची खूण मोठ्या ज्वालेच्या पलीकडे असल्यामुळे, मंद करता करता गॅस चुकून बंद होत नाही. यात एक मेख आहे. सिमवरून गॅस बंद करताना बटण पुन्हा ‘मोठ्या’वरून जातं, त्यामुळे क्षणभर ज्वाला उसळते. त्या वेळी फडकं, ओढणी किंवा चेहरा भांड्याजवळ नको.

बर्नरची मांडणी

दोन बर्नरच्या शेगडीत एक मोठा आणि एक छोटा, किंवा दोन्ही सारखे असतात. मांडणी सरळ असते. तीन बर्नरमध्ये बहुधा दोन पुढे डावी-उजवीकडे आणि तिसरा मध्ये, थोडा मागे असतो. चार बर्नरमध्ये दोन पुढे, दोन मागे.

बर्नरची संख्या वाढली म्हणजे तेवढी भांडी एका वेळी चढतील, असं नाही. तीन बर्नरच्या आटोपशीर शेगडीवर एकीकडे पाच लिटरचा कुकर आणि दुसरीकडे भाकरीचा तवा ठेवला, की मधल्या बर्नरवर चहाचं पातेलंसुद्धा अडचणीने बसतं. भांडी एकमेकांना टेकली की नीट बसत नाहीत, कलतात, आणि एकाची आच दुसऱ्याच्या कानाला किंवा दांड्याला लागते. म्हणून शेगडी बघायला जाताना घरातल्या सर्वांत मोठ्या तव्याचा आणि कढईचा व्यास मोजून न्यावा. दुकानात बर्नरच्या मध्यापासून शेजारच्या बर्नरच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजावं. दोन भांड्यांच्या व्यासांच्या बेरजेच्या निम्म्याहून ते जास्त असेल तर ती दोन्ही शेजारी-शेजारी मावतील. उदाहरणार्थ, ३० सेंटीमीटरचा तवा आणि २४ सेंटीमीटरचा कुकर असेल तर किमान २७ सेंटीमीटर, आणि हात फिरायला वर थोडं. हे गणित दुकानदार सांगत नाही. चार मोठी भांडी एकदम चढवायची वेळ ज्या घरात सणासुदीलाच येते, त्या घराला ऐसपैस दोन बर्नरची शेगडी अरुंद चार बर्नरवालीपेक्षा जास्त उपयोगी पडते असं माझं मत आहे.

कोणता पदार्थ कुठे, याचा नियम सोपा आहे. मागच्या बर्नरवर काही हलवायचं तर पुढच्या ज्वालेवरून हात न्यावा लागतो, आणि बाही, पदर, ओढणी पेट घेते ती अशाच वेळी. त्यामुळे ज्याला वारंवार हात लावावा लागत नाही ते मागे : कुकर, डाळ शिजवायचं पातेलं, उकळायला ठेवलेलं पाणी. भाकरी, पोळ्या, फोडणी, परतायची भाजी, साखरेचा पाक हे सगळं पुढे. दुधाचं काय, यावर घरोघरी वाद असतो. मागे ठेवलं तर नजरेआड उतू जातं, पुढे ठेवलं तर लहान मुलाच्या हाताला येतं. घरात रांगतं किंवा नुकतं चालायला लागलेलं मूल असेल तर दूध मागेच, आणि तापेपर्यंत तिथून हलायचं नाही. नसेल तर पुढे, डोळ्यांसमोर. दांडा असलेल्या भांड्याचा दांडा ओट्याबाहेर डोकावता कामा नये, आणि शेजारच्या ज्वालेवरही यायला नको. तो आडवा, मोकळ्या बाजूला वळवून ठेवायचा.

भांडं आणि बर्नर यांचा मेळ हा तसा बचतीचा मुद्दा, पण सुरक्षिततेचाही आहे. ज्वाला भांड्याच्या बुडाबाहेर आली की ती उष्णता वाया जाते, भांड्याचे कान तापतात आणि चिमटा किंवा फडकं धरताना हात भाजतो. छोट्या भांड्याला छोटा बर्नर, आणि ज्वालेचं कडं बुडाच्या आतच.

कोणतं बटण कोणाचं?

दोन बर्नरच्या शेगडीत हा प्रश्न येत नाही. डावं बटण डाव्याचं, उजवं उजव्याचं, आणि प्रत्येक बटण आपापल्या बर्नरसमोर. तीन बर्नरमध्येही मधलं बटण मधल्याचं हे सहज कळतं. गडबड चारमध्ये होते. बर्नर चौकोनात आणि बटणं एका ओळीत. डावीकडून पहिलं बटण डाव्या पुढच्या बर्नरचं की डाव्या मागच्या? शेगडी बघून याचं उत्तर मिळत नाही. ते पाठ करावं लागतं किंवा बटणाजवळचं बारीक चित्र वाचावं लागतं.

गंमत म्हणजे हा प्रश्न अभ्यासकांनी खूप आधी हाताळला आहे. अमेरिकेत अल्फॉन्स चॅपॅनिस आणि लिंडेनबॉम यांनी १९५९ मध्ये चार बर्नरच्या वेगवेगळ्या मांडण्यांवर प्रयोग केला. बर्नर दाखवायचा आणि समोरच्याने त्याचं बटण निवडायचं. मागचे बर्नर पुढच्यांच्या तुलनेत थोडे बाजूला सरकवले, म्हणजे डावीकडून उजवीकडे चारही बर्नर बटणांच्याच क्रमाने दिसतील असे ठेवले, तेव्हा लोक सर्वांत कमी गोंधळले. नेहमीच्या चौकोनी मांडणीत मात्र चुका होत राहिल्या. पुढे डॉन नॉर्मन यांनी ‘द डिझाइन ऑफ एव्हरीडे थिंग्ज’ या गाजलेल्या पुस्तकात याच शेगडीचं उदाहरण घेतलं. वस्तू वापरताना लोक चुकतात तेव्हा दोष बऱ्याचदा रचनेचा असतो, हा त्यांचा मुद्दा.

इतकं ठाऊक असूनही चौकोनी मांडणी टिकून आहे, कारण ओट्यावर जागा कमी लागते आणि शेगडी दिसायला नीटस वाटते.

चूक झाली तर काय होतं? लायटरने पेटवायच्या शेगडीत तुम्ही एका बर्नरवर लायटर धरता आणि गॅस सुटतो दुसऱ्याच. दोन-तीनदा खटखट करून बर्नर का पेटत नाही म्हणून वाकून बघता, तोवर शेजारचा बर्नर गॅस सोडतच असतो, आणि पुढची ठिणगी तो भडकवते. आपोआप पेटणाऱ्या शेगडीत दुसराच बर्नर पेटतो. त्यावर रिकामं पातेलं असेल तर ते करपतं, प्लास्टिकचा डबा किंवा फडकं असेल तर आग लागते. ज्यांना सवय नाही त्यांच्या हातून हे जास्त होतं : घरी आलेले पाहुणे, स्वयंपाकाला येणाऱ्या नव्या मावशी, पहिल्यांदा चहा करणारा मुलगा.

नवी शेगडी घेत असाल तर बटणांचा डावा जोड डाव्या दोन बर्नरचा आणि उजवा जोड उजव्या दोनचा आहे ना, आणि दोन जोडांमध्ये मोकळी जागा आहे ना, एवढं तरी बघा. मागचे बर्नर सरकवलेली रचना मिळाली तर उत्तमच. जुनी असेल तर मागच्या बर्नरच्या बटणांवर नखाला लावायच्या रंगाचा एक ठिपका द्या. घरातल्या सगळ्यांना ‘ठिपका म्हणजे मागचा’ एवढं सांगितलं की झालं. आणि रिकाम्या बर्नरवर काहीही ठेवायचं नाही. बर्नर ही टेकवायची जागा नव्हे.

पेटवताना

काडेपेटी वापरत असाल तर आधी काडी पेटवा, ती बर्नरजवळ न्या, मग बटण फिरवा. लायटर असेल तर तो आधी बर्नरच्या कडेला टेकवा, मग गॅस सोडून लगेच दाबा. आधी गॅस आणि मग लायटरची शोधाशोध, हा क्रम टाळायचा. तीन-चार सेकंदांत पेटला नाही तर बटण बंद करा, मिनिटभर हवा खेळू द्या आणि मगच परत प्रयत्न करा. पेटवताना ‘फट्’ असा आवाज होऊन ज्वाला बर्नरखाली, जेटपाशी जळू लागली तर तीच गोष्ट करा. तसं वारंवार होत असेल तर बर्नर खाचेत नीट बसलेला नाही, किंवा त्यात कचरा अडकलाय.

ज्वाला विझली आणि गॅस चालूच राहिला

स्वयंपाकघरातला हा सर्वांत गुपचूप धोका. दूध किंवा डाळीचं पाणी उतू जातं, किंवा सिमवर ठेवलेल्या ज्वालेला पंख्याचा झोत लागतो, आणि ती विझते. बटण उघडंच असतं.

याचा अंदाज येण्यापुरतं गणित मांडू. मोठा बर्नर पूर्ण उघडा असेल तर तासाला साधारण दीडशे ते दोनशे ग्रॅम गॅस लागतो, म्हणजे मिनिटाला एक लिटरच्या वर वायू. एलपीजी हवेत सुमारे दोन टक्के झाला की ते मिश्रण पेट घेऊ शकतं. ८० चौरस फुटांच्या स्वयंपाकघरात एवढा गॅस सगळीकडे सारखा पसरायला कितीतरी तास लागतील, म्हणून काही जण निर्धास्त असतात. पण तो सारखा पसरतच नाही. एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड आहे. तो ओट्यावरून खाली ओघळतो आणि जमिनीलगत साचतो. फक्त खालच्या एक फुटाच्या थरापुरता हिशेब केला तर तेच काम पाऊण तासाच्या आत होऊ शकतं. ओट्याखालच्या बंद कपाटात नळी गळत असेल तर आणखी लवकर. आणि खुद्द बर्नरच्या आसपास तर पहिल्या मिनिटापासूनच पेट घेण्याजोगं मिश्रण असतं.

म्हणून मंद आचेवर काही ठेवून बाहेर जाऊ नये आणि शेगडीवर थेट पंख्याचा वारा येऊ देऊ नये. खिडकी मात्र उघडी असावी, कारण ज्वालेला हवा लागते आणि जळताना तयार होणारे वायू बाहेर जावे लागतात. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या गॅसमधून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि त्याला वास नसतो.

काही शेगड्यांमध्ये, खासकरून ओट्यात बसवायच्या हॉबमध्ये, ज्वाला विझली की गॅस आपोआप तोडणारी सोय असते. बर्नरच्या कडेला ज्वालेत शिरलेली एक बारीक कांडी दिसते, तो थर्मोकपल. तो तापला की अगदी किंचित वीज तयार करतो आणि त्या विजेवर एक छोटा चुंबक व्हॉल्व्ह उघडा धरून ठेवतो. ज्वाला गेली, कांडी थंड झाली, की चुंबक सुटतो आणि व्हॉल्व्ह मिटतो. यामुळेच अशी शेगडी पेटवल्यावर बटण काही सेकंद दाबून धरावं लागतं. त्याला बिघाड समजू नका. गॅस तुटायलाही थोडा वेळ लागतो, कारण कांडी थंड व्हावी लागते. घरात वयस्कर माणसं एकटी स्वयंपाक करत असतील, किंवा कोणाला वास कमी येत असेल, तर काचेच्या चकाकीपेक्षा या सोयीवर पैसे खर्च करावेत.

वास आला तर

एलपीजीला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन मिसळतात. वास आला की बर्नरची बटणं बंद, रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या. दिव्याचं बटण चालूही करायचं नाही आणि चालू असलेलं बंदही करायचं नाही, दोन्हीत ठिणगी पडते. एक्झॉस्ट फॅन लावून गॅस बाहेर काढू, हा विचार तर फारच महागात पडतो. जमलं तर रेग्युलेटर काढून सिलिंडरच्या तोंडावर दोरीला बांधलेली प्लास्टिकची टोपी घट्ट बसवा आणि सगळ्यांना घेऊन बाहेर पडा. देवघरात दिवा किंवा उदबत्ती जळत असेल तर तिकडेही लक्ष हवं. बाहेर आल्यावर १९०६ ला फोन करा. एलपीजी गळतीसाठीचा हा क्रमांक चोवीस तास चालतो.

गळती नेमकी कुठे आहे हे काडी पेटवून बघणारे महाभाग अजून भेटतात. साबणाच्या पाण्याचा फेस लावा, बुडबुडे येतील तिथे गळती.

कढईतल्या तेलाने पेट घेतला तर मात्र वेगळं. गॅस बंद करून कढईवर झाकण सरकवायचं आणि थंड होईपर्यंत काढायचं नाही. पाणी टाकलं तर पेटतं तेल उडतं.

काचेची शेगडी

वरची काच टफन्ड असते, म्हणजे फुटली तर मोठे धारदार तुकडे न होता बारीक खडे होतात. पण ती फुटतेच नाही असं नाही. तापलेल्या काचेवर गार पाणी किंवा ओलं फडकं, उतरवलेला गरम तवा थेट काचेवर टेकवणं, बर्नरखालची स्टीलची थाळी काढून ठेवणं, ही नेहमीची कारणं. आणखी एक कमी माहीत असलेलं कारण म्हणजे खूप पसरट भांडं. मोठा तवा किंवा परात मोठ्या आचेवर बराच वेळ ठेवली की उष्णता बाजूने वर निसटत नाही, खाली काचेवर परतते. डोशाच्या मोठ्या तव्यासाठी किंवा परातीसाठी स्टीलची शेगडी बरी.

सफाई

बर्नर गार झाल्यावर काढा, कोमट साबणाच्या पाण्यात भिजवा, जुन्या ब्रशने घासा आणि छिद्रं टाचणीने मोकळी करा. पूर्ण वाळल्याशिवाय परत बसवू नका. जेटच्या भोकात मात्र सुई किंवा तार घालू नये. ते थोडं जरी मोठं झालं तरी गॅस जास्त येतो, हवेचं प्रमाण बिघडतं आणि ज्वाला कायमची पिवळी होते. ते काम मेकॅनिकचं.

नळी आणि सिलिंडर

शेगडी नेहमी सिलिंडरपेक्षा उंचावर, आणि सिलिंडर उभा. नळी भारतीय मानक ९५७३ ची खूण असलेली, आतून पोलादी तारेची जाळी असलेली केशरी सुरक्षा नळी घ्यावी. ती दीड मीटरहून लांब नको, मध्ये जोड नको, आणि शेगडीच्या मागून बर्नरच्या आचेजवळून जाता कामा नये. छापलेली मुदत संपली की बदलायची, वरून ठणठणीत दिसत असली तरी. सिलिंडर कपाटात असेल तर कपाटाच्या दाराला खाली, जमिनीलगत जाळी हवी, कारण जड गॅस वरच्या भोकातून बाहेर पडत नाही. सिलिंडरच्या कड्याखालच्या पट्टीवर ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर आणि वर्ष असतं. ती पुढच्या तपासणीची तारीख. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, असं पुढे. तारीख उलटलेला सिलिंडर आला तर घेऊ नका.

पाइप गॅस असेल तर

मुंबई, ठाणे, पुणे अशा शहरांत आता बऱ्याच इमारतींत पाइप गॅस आहे. तो मुख्यतः मिथेन. हवेपेक्षा हलका, त्यामुळे गळला तर छताकडे जातो आणि झरोके वर लागतात. तेवढ्याच घनफळात एलपीजीच्या तुलनेत उष्णताही बरीच कमी, म्हणून त्याच्या बर्नरचे जेट मोठ्या भोकाचे असतात. सिलिंडरची शेगडी न बदलता पाइप गॅसला जोडली तर ज्वाला मलूल राहते. उलटं केलं तर ते धोक्याचं. पाइप गॅससाठी बदललेली शेगडी गावी नेऊन सिलिंडरला लावली की मोठ्या भोकातून एलपीजी सुटतो आणि ज्वाला पिवळी होऊन भांड्याच्या कडेने वर येते. घर बदलताना, किंवा जुनी शेगडी कोणाला देताना, ती कोणत्या गॅसची आहे हे शेगडीखाली चिठ्ठी चिकटवून लिहून ठेवा आणि जेट बदलल्याशिवाय जोडू देऊ नका.